पाच फूट नऊ

मृत्यूच्या दारात माणूस खोटं बोलत नाही, असं म्हणतात. हे ज्याने कुणी म्हणून ठेवलंय त्याच्या जवळचं माणूस कधी आयसीयूत नसावं. आमचा दादा त्या दारापर्यंत पोचला, उंबऱ्यावर दम खायला थांबला, आणि खोटं बोलला.

त्याला न्यूमोनिया झाला होता. त्याच्या मते तो साधा खोकला होता. तो अंगावर काढत त्याने शाळेच्या मैदानावर रोज कवायत घेतली, आणि एका सकाळी शिट्टी फुंकता फुंकता खाली बसला तो पुन्हा उठलाच नाही. हॉस्पिटलात आणला तेव्हा ओठ जांभळे पडले होते आणि दोन श्वासांच्या मध्ये शब्द घालायला जागा उरली नव्हती. तिथल्या डॉक्टरने वय विचारलं, साखर आहे का विचारलं, कुठलं औषध सोसत नाही ते विचारलं. दादा नुसती मान हलवत होता. मग डॉक्टरने उंची विचारली. दादाने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क स्वतःच्या हाताने बाजूला केला.

"पाच... फूट... नऊ."

डॉक्टरने खात्रीसाठी वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, पाच नऊ. मी मान हलवली. मागे खुर्चीवर टेकलेल्या आत्याने, हे लग्न मीच जमवलंय, थोडी जास्त भरेल पण कमी भरायची नाही, अशी वर ग्वाही दिली. एवढी माणसं एका सुरात सांगतायत म्हटल्यावर टेप शोधत कोण बसतो? डॉक्टर पुढच्या कामाला लागला.

पाच फूट नऊ ही उंची आमच्या घरात आहे. फक्त ती माझी आहे. दादा माझ्या भुवईला लागतो, तोही केस मागे फुगवून विंचरले असतील तर.

ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही. दादा ड्रिल मास्तर. मुलं त्याला 'शिट्टी' म्हणतात, अर्थात शिट्टीच्या टप्प्याबाहेर गेल्यावर. माणसांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करणं हे त्याचं आयुष्यभराचं काम, आणि ते करताना तो स्वतः ओट्यावर उभा असतो. घरातल्या प्रत्येक फोटोत त्याच्या पायाखाली पायरी आहे. बूट शिवून घेतलेले, जाड टाचेचे, आणि आत आणखी एक पाचर. एकदा एका शिंप्याने पॅंटची लांबी पोराला लिहून घ्यायला म्हणून मोठ्याने सांगितली. दादाने कापड उचललं आणि निघून आला. तेव्हापासून आमच्या घरात कुणीही कपडे शिवत नाही. तयार घेतो आणि दुमडतो.

वहिनी त्याच्याहून उंच आहेत. किती, ते कुणाला सांगता यायचं नाही, कारण लग्न झाल्यापासून त्या वाकून चालतात. मान पुढे, खांदे आत, पायात झिजून कागद झालेल्या सपाट चपला. मध्यंतरी मानेला पट्टा लागला. हाडांच्या डॉक्टरने विचारलं, शिवणकाम फार करता का? वहिनी हो म्हणाल्या. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही.

तर त्याच दुपारी दादाला झोपेचं औषध देऊन घशात नळी घातली आणि व्हेंटिलेटर लावला. तोपर्यंत तो नुसत्या डोळ्यांनी आम्हाला रागावत होता, आणि त्याचाही आधार वाटत होता. नंतर डोळे मिटले आणि आमच्या घरातली ओरडणारी एकमेव व्यक्ती गप्प झाली. मला वाटलं होतं, बरं वाटेल. मुळीच वाटलं नाही.

आयसीयूच्या बाहेर भिंतीला जोडलेल्या लोखंडी खुर्च्यांची रांग होती. समोर दोन झडपांचं दार, त्याला डोळ्याएवढी गोल काच. दार उघडलं की सगळी रांग एकदम उभी राहायची, सिस्टरने दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतलं की एकदम बसायची. दादाने पाहिलं असतं तर शिस्तीचं कौतुक केलं असतं. आत एक टूं टूं असा आवाज सतत चालू असायचा. पहिल्यांदा त्याची भीती वाटली. मग तो मध्येच थांबायचा त्याची वाटायला लागली.

सिस्टरने वहिनींच्या हातात एक पिशवी आणून दिली. दादाचे कपडे, घड्याळ, शिट्टी आणि बूट. वहिनींनी ती मांडीवर घेतली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी असं घट्ट धरून बसल्या की जणू आत मांजर आहे. पाणी प्यायला उठल्या तरी पिशवी बरोबर.

कारण शेजारी खांब बसला होता. खांब म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. हे नाव दादानेच ठेवलेलं. वहिनींच्या माहेरची सगळी माणसं दारातून वाकून येणारी. खांब आमच्याकडे आला की दादा दारातच, "बसा, बसा" म्हणायचा, आणि तो बसेपर्यंत स्वतः खुर्चीतून उठायचा नाही. लोकांना हा आदरसत्कार वाटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत एका लहान खोलीत बोलावलं. वहिनी, खांब आणि मी. आत्या गुडघे दुखतात म्हणून बाहेरच थांबली, पण दार लोटू नका म्हणाली. खोलीत टेबल, चार खुर्च्या आणि टिश्यूचं एक नवं कोरं खोकं. जिथे रडायची सोय आधीच करून ठेवलेली असते तिथे चांगली बातमी कोण सांगतं?

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. गालांवर मास्कचे वळ उठलेले, आवाज अगदी सपाट. त्या म्हणाल्या, फुप्फुस म्हणजे लोकांना फुगा वाटतो, तसं नाही, तो स्पंज आहे. यांचा स्पंज भिजलाय. हृदय ठीक आहे. फुप्फुसांना इतकी सूज आहे की आतल्या बारीक भिंतीच पाझरायला लागल्यात. जिथे हवा हवी तिथे पाणी आहे. एवढ्या मोठ्या माणसाच्या छातीत सध्या चालू असलेलं फुप्फुस लहान मुलाएवढंच उरलंय.

वहिनींनी विचारलं, औषध कुठलं आहे याच्यावर.

"न्यूमोनियाचं चालू आहे. फुप्फुस भरून येण्याचं असं औषध नाही. ते आपलं आपण बरं होतं, वेळ मिळाला तर. आमचं काम वेळ काढायचं, आणि तेवढ्यात आमच्याच मशीनने त्यांना आणखी इजा होऊ द्यायची नाही."

हे शेवटचं आम्हाला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. मशीन जो श्वास आत ढकलतं तो भिजलेल्या भागात शिरतच नाही. तो सगळा त्या उरलेल्या लहान मुलाएवढ्या भागात जातो. श्वास मोठा झाला की तोच भाग ताणून फाटतो. म्हणून छोटे छोटे श्वास द्यायचे. दादाला त्या देत होत्या ते श्वास त्यांच्या मापाने अगदी कमी होते, तरी छातीतला दाब उतरत नव्हता. एक्स-रेत दिसतंय त्यापेक्षा फुप्फुस जास्त ताठ लागत होतं, आणि ते का, हे त्यांना उमगत नव्हतं. आणखी कमी करावं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. तो थोडा साठलेला चालतो, पण त्याला मर्यादा आहे, आणि या उंचीच्या माणसाला इतक्या खाली न्यायला त्यांचा हात धजत नव्हता.

"माप म्हणजे वजनावर?" खांबाने विचारलं.

"वजनावर नाही. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही. ते उंचीवर असतं. पाच नऊच्या माणसाचा श्वास वेगळा, पाच तीनचा वेगळा."

त्यांनी तो पाच तीनचा आकडा कुठून उचलला देव जाणे. बहुधा सहज तोंडाला आला. पण माझ्या डोळ्यांसमोर दादाची छाती आली, आणि त्या छातीत कुणीतरी दर श्वासाला माझा श्वास कोंबत होतं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या पिशवीकडे पाहत होत्या.

डॉक्टरीणबाई पुढे सांगत होत्या की आज दुपारी त्या दादाला पालथं घालणार आहेत. पालथं घातलं की पाठीकडचा दबलेला भाग मोकळा होतो. कधी कधी फार चांगला उपयोग होतो. नाही झाला तर, असं म्हणून त्या थांबल्या आणि वहिनींकडे बघून शांतपणे म्हणाल्या की त्यानंतर इथे करण्यासारखं फार काही उरत नाही. मग त्यांनी टिश्यूचं खोकं आमच्याकडे सरकवलं. कुणीच घेतलं नाही. आमच्या घरात दादासमोर रडायची पद्धत नाही, आणि तो भिंतीपलीकडेच होता.

बाहेर आल्यावर खांब फोन करायला जिन्याकडे गेला. मी वहिनींना पाण्याच्या मशीनपाशी गाठलं.

"वहिनी, उंची."

"ऐकलं मी."

"सांगायला हवं."

"हो ना. कुणीतरी सांगायला हवं."

मग आम्ही दोघांनी एकमेकांना मोठेपणा देऊन पाहिला. मी म्हणालो, तुम्ही पत्नी, तुमच्या शब्दाला वजन. त्या म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही रक्ताचे, लहानपणापासून शेजारी वाढलात. मी सुचवलं की कारण न सांगता नुसतं, एकदा मोजून घ्या म्हणू. त्या म्हणाल्या, कालच सांगितलंत मग आज का मोजू, असं विचारतील. मी म्हटलं, आजाराने माणूस आखडतो म्हणू. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी कागदाचा पेला उगाच दोनदा धुतला.

खरं सांगायचं तर आम्हाला दोन भीत्या होत्या. दादा मरेल याची एक, आणि दादा उठेल याची दुसरी. पहिली मोठी होती यात शंका नाही, पण दुसरी जुनी होती, आणि माणसाला सवयीची भीती आधी वाटते. तो उठेल, कोपरावर रेलेल आणि विचारेल, कुणी सांगितलं? या प्रश्नाचं उत्तर द्यायला घरातलं कोणीही जन्माला आलेलं नव्हतं.

"माझं तोंडच आपोआप पाच नऊ म्हणतं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "काल त्यांनी विचारलं, मी विचारसुद्धा केला नाही. आणि आता सांगायचं ते माझ्या भावासमोर. माहेरी सगळ्यांना कळणार की मला फसवून दिली."

"फसवून नाही काही," मागून आवाज आला. आत्या. गुडघे दुखत असूनही ती योग्य वेळी योग्य ठिकाणी पोचते. "मी शब्द दिलाय पाच नऊचा. आता माघारी घेतला तर मी तोंड कुठे लपवू? आणि त्या यंत्राला काय कळतंय पाच नऊ आणि पाच तीन?"

यंत्राला तेवढंच कळत होतं. बाकी दादाविषयी त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याचा राग, त्याची शिट्टी, पोरांना पळवताना तो पुढे धावायचा ते, काहीच नाही. यंत्राला एक आकडा दिला होता आणि ते त्या आकड्याशी प्रामाणिक होतं. आमच्या घरात इतकं प्रामाणिक दुसरं कुणी नव्हतं.

आम्ही पुन्हा खुर्च्यांवर येऊन बसलो. खांबही येऊन बसला, गुडघे पार समोरच्या वाटेत. मी ठरवलं, पुढचा माणूस दारातून बाहेर आला की उठायचं. सिस्टर बाहेर आली. मी उठलो. तिने विचारलं, काय हवंय? मी विचारलं, बाथरूम कुठे आहे. तिने दाखवलं. जाऊन आलो.

मी येऊन टेकतो न टेकतो तोच आतला टूं टूं बदलला. आधी वेगात झाला, मग त्याच्यावर दुसराच एक लांबलचक कर्कश आवाज चढला. गोल काचेतून कुणीतरी पळताना दिसलं, मग आणखी कुणीतरी. खुर्च्यांची रांग उभी राहिली. प्रत्येक जण मनातल्या मनात एकच प्रार्थना करत होता की तो आवाज शेजारच्याच्या माणसाचा असू दे. माणूस किती हलकट असतो हे कळायला आयसीयूच्या दाराइतकी चांगली जागा नाही. मी काचेला नाक लावलं. भिंतीकडची खाट. दादाची.

कर्कश आवाज थांबला. टूं टूं परत आला. पण तेवढ्या वेळात वहिनी उठल्या होत्या. त्या सरळ दारापाशी गेल्या आणि घंटेवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. आतून डॉक्टरीणबाई आल्या, कपाळाला घाम. त्यांनी सांगितलं, दाब चढला होता, आता खाली आहे, तुम्ही कृपा करून घंटा...

वहिनींनी पिशवीत हात घालून एक बूट काढला. आतली पाचर बोटाने उपसली. बूट एका हातात, पाचर दुसऱ्या हातात.

"ते पाच नऊ नाहीत," त्या म्हणाल्या. "यातून हे वजा करा. आणि ही टाच वजा करा. आणि अजून थोडं."

"मग उंची किती आहे?"

"मला माहीत नाही. मला कधी मोजू दिलं नाही. माझ्या इथपर्यंत येतात."

आणि त्यांनी बूट असलेला हात आडवा करून भुवईला लावला. पण तसं दाखवायचं तर सरळ उभं राहावं लागतं. वहिनींनी मान मागे घेतली, खांदे सोडले, आणि त्या वर आल्या. मी इतकी वर्षं त्या घरात आहे. मला त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत कधी दिसले नव्हते. भुवयांच्या वर एक लहानसा व्रण आहे, तोही त्याच दिवशी कळला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी बुटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पाच नऊ मी आहे." इतकं निरुपयोगी वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन. त्या वळून आत गेल्या, जवळजवळ धावतच.

आम्ही तिघं दारापाशी तसेच उभे. आत्या खुर्चीवर डोळे मिटून बसली होती. तिला झोप लागली असावी किंवा लागायला हवी होती. वहिनी बुटात पाचर परत बसवायचा प्रयत्न करत होत्या आणि ती दर वेळी उलटीच जात होती. शेवटी त्या भावाकडे न बघताच म्हणाल्या, घरी आईला सांगू नकोस.

"आईला काय सांगायचं," खांब म्हणाला. "आम्हाला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं."

"कसं?"

"ताई, आमच्याकडून माणसं वरूनच दिसतात. दाजींची टाळू दिसली."

"मग बोलला का नाहीत कोणी?"

खांबाने तिच्या हातातल्या बुटाकडे पाहिलं. "तू वाकून उभी होतीस. वाटलं, तुला आवडलेत."

वहिनींनी पाचर पिशवीत टाकून दिली आणि नुसता बूट हातात धरून उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात शिंप्यासारखी टेप लटकत होती. आमच्या घरासाठी ते दृश्य बरं नव्हतं. त्यांनी सांगितलं, टाचेपासून टाळूपर्यंत खाटेवर मोजलं, एकशे साठ सेंटिमीटर. श्वास त्या मापाने कमी केलाय. दाब उतरलाय. कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवतायत. आणि मग म्हणाल्या, हे पहिल्याच दिवशी मोजायला हवं होतं, चूक आमची आहे, घरच्यांच्या शब्दावर जायचं नसतं. हे त्या इतक्या सरळपणे म्हणाल्या की आम्हाला काय करावं सुचेना. आमच्याकडे चूक कबूल करणारं माणूस याआधी कुणी पाहिलं नव्हतं. वहिनींनी, आता वाचतील ना, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ते सांगता येणार नाही. आपण करत होतो ते एक नुकसान थांबलं, इतकंच.

दुपारी दादाला पालथं घातलं. पाच माणसं लागली. एकाने नुसतं डोकं आणि नळी धरली आणि तोच आकडे मोजत होता, बाकीच्यांनी चादरीसकट त्याला एका कुशीवर घेतलं आणि मग सावकाश पालथं केलं. मला काचेतून फक्त त्याचं डोकं दिसलं, एका बाजूला वळवलेलं, आणि पाठ. दादाची पाठ मी तोवर नीट पाहिलीच नव्हती. वर्गाकडे आणि घराकडे पाठ करायची नाही हे त्याचं तत्त्व. लहानखुरी होती. मशीनच्या तालावर उगीच एवढीशी हलत होती, एखादं पाखरू मुठीत धरल्यासारखी. मला तिथे उभं राहवलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, कारण ते सगळे एकसारखे भीतीदायक होते. पालथा, उताणा, पुन्हा पालथा. ऑक्सिजन थोडा कमी लागला की आम्ही एकमेकांकडे बघायचंही टाळायचो, दृष्ट लागेल म्हणून. एकदा रक्तदाब कोसळला आणि आम्हाला पुन्हा त्या खोलीत बोलावलं. खोक्यातले टिश्यू तेवढ्यात कुणीतरी निम्मे संपवले होते. एकदा फुप्फुस फुटून छातीत हवा शिरल्याची शंका आली, ती खोटी निघाली. वहिनी रोज दोनदा आत जायच्या, त्याचा हात धरून उभ्या राहायच्या. सरळ उभ्या. मी विचारलं, मान दुखत नाही का आता? त्या म्हणाल्या, दुखते, पण दुसरीकडे.

आणि मग दादा बरा व्हायला लागला. अगदी सावकाश, कुरकुर करत, त्याचं सगळं चालतं तसंच. उताणा राहूनही ऑक्सिजन टिकला, झोपेचं औषध कमी केलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता ते जागे होतील.

आम्ही आनंदाने घाबरलो.

लगेच बैठक झाली. ठरलं की कुणी काही बोलायचं नाही. खांबाने शब्द दिला. आत्याने तर, माझ्या मते काही घडलंच नाही, असं सांगून सगळ्यांवर मात केली. दादाने डोळे उघडले तेव्हा नळी तोंडातच होती. त्याने सगळीकडे पाहिलं आणि हाताने पायांकडे खूण केली. सिस्टरला वाटलं, पाय गार पडलेत. तिने मोजे घातले. त्याने पुन्हा खूण केली. तिने पांघरूण घातलं. तो काय मागतोय ते आम्हा दोघांना कळत होतं. वहिनी म्हणाल्या, बूट घरी आहेत. त्यानंतर त्याने वहिनींकडे पाहिलं, बराच वेळ, वरपासून खालपर्यंत, रांगेत चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या मुलाकडे बघावं तसं. पण तोंडात नळी होती.

नळी निघाल्यावर आवाज म्हणावा असा काही उरला नव्हता, फक्त खरखर. त्याला साध्या वॉर्डात हलवलं. तिथे एक फिजिओथेरपिस्ट आला. त्याच्याकडे प्लॅस्टिकचं एक उपकरण होतं. नळीतून हवा आत ओढली की आतला दट्ट्या वर चढतो. बाजूला एक पिवळी खूण, तिच्यापर्यंत दट्ट्या नेला की पास. दादाने आयुष्यभर मुलांना पास-नापास केलेलं. तो उशीला टेकून सरसावला.

"खूण वयावर आणि उंचीवर लावायची असते," फिजिओ म्हणाला. "उंची किती?"

वहिनी, मी, खांब, आत्या. चौघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. आणि मला वाटतं, दादाच्या ते लक्षात आलं. त्या शांततेला एक आकार होता, आणि तो ठेंगणा होता.

"पाच नऊ," दादा खरखरला.

फिजिओने खूण वर सरकवली. दादाने हवा ओढली. दट्ट्या निम्म्यावर जाऊन खाली पडला. पुन्हा ओढली. गळ्याच्या शिरा तटतटल्या, बोटाला लावलेल्या चिमट्यातला आकडा घसरायला लागला, आणि मला ते ओठ आठवले. ज्याची शिट्टी मैदानापलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायची तो माणूस एका प्लॅस्टिकच्या डबीशी झटत होता. तो थांबेना. वहिनी म्हणाल्या, पुरे. तो थांबेना.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी डबी हातात घेतली आणि विचारलं, ही खूण इतकी वर कुणी ठेवली? फिजिओ म्हणाला, पेशंटने उंची सांगितली. त्यांनी दुसरं काही न बोलता अंगठ्याने खूण खाली आणली.

"एकशे साठ. आता ओढा."

दादाने ओढलं नाही. त्याने एकेकाकडे पाहिलं. मी खिडकीकडे वळलो. बाहेर एक माणूस पाइपने गाडी धूत होता, आणि मी ते काम फार काळजीपूर्वक पाहिलं.

"कुणी सांगितलं?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

त्या खाटेच्या कडेला ताठ उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं तर दादाला मान बरीच वर करावी लागली, आणि ती त्याने केली. गाडी धुऊन झाली. मग त्याने डबी घेतली, तोंडाला नळी लावली आणि ओढली. दट्ट्या चढला, थरथरला आणि पिवळ्या खुणेला जाऊन टेकला. फिजिओ म्हणाला, छान. दादाला कुणी छान म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

डबी खाली ठेवून तो डॉक्टरीणबाईंकडे वळला. खरखरीतही ड्रिल मास्तर होताच.

"तुम्ही मला आडवं मोजलंत. आडव्या माणसाची उंची कमी भरते."

आमच्या सगळ्यांच्या छातीतून एकदम हवा सुटली. वाट सापडली होती. आत्याने तर, तेच म्हणते मी, असं म्हणून मान डोलवायला सुरुवातही केली. मीही डोलवणारच होतो.

डॉक्टरीणबाई चार्टवर काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"उलट आहे," त्या म्हणाल्या. "झोपवून मोजलं की उंची एक-दीड सेंटिमीटर जास्तच भरते."